कॅलिपरचे बोल्ट नेमके किती आवळायचे? घरी ब्रेक उघडणाऱ्यांसाठी

घरी ब्रेक पॅड बदलण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. चाक निघतं, कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग, वर उचलला जातो, झिजलेले पॅड जातात, नवे बसतात. मग हातात पाना घेतलेला माणूस "आता हे घट्ट आवळून घ्या" म्हणतो आणि पुढच्याच दृश्यात गाडी रस्त्यावर असते. हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. घट्ट म्हणजे किती, कशाने, कोणत्या क्रमाने, आणि आवळण्याआधी काय काय झालेलं असायला हवं?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढचा कॅलिपर सहसा सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला असतो आणि ब्रेक दाबला की सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून डिस्कला दोन्हीकडून पकडतो. पुढचं सगळं अशा कॅलिपरला धरून लिहिलं आहे.

छोटे बोल्ट, मोठे बोल्ट

पुढच्या प्रत्येक चाकाशी बोल्टांच्या दोन जोड्या असतात आणि त्यांचं काम अगदी वेगळं आहे.

छोटी जोडी कॅलिपरला सरकत्या पिनांशी जोडते. डोकं बहुधा १२ किंवा १४ नंबरचं. ब्रेक लागताना पॅड डिस्कबरोबर फिरायला बघतात. तो जोर मुख्यतः ब्रॅकेट, म्हणजे कॅलिपर आणि पॅड धरणारी चौकट, झेलतो, या बोल्टांवर फारसा येत नाही. त्यामुळे ते बारीक असतात आणि हलकेच आवळायचे असतात.

मोठी जोडी ब्रॅकेटला नकलशी, म्हणजे चाकामागच्या त्या जाड ओतीव भागाशी जोडते. डोकं १७ नंबरचं किंवा त्याहून मोठं. गाडी थांबवण्याचा सगळा झटका इथून जातो. हे बोल्ट सैल राहिले तर आधी ब्रेक मारताना 'टक्' असा आवाज येतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर एक बोल्ट निघून पडतो, कॅलिपर दुसऱ्यावर फिरतो आणि चाकाच्या रिमला जाऊन आदळतो. चाक तिथेच अडकू शकतं किंवा ब्रेकची नळी फाटू शकते.

थोडक्यात, छोटा बोल्ट जास्त आवळून तुटतो आणि मोठा कमी आवळून निघतो. दोन्हींवर एकच ताकद लावणाऱ्या माणसाकडून दोन्ही चुका एकाच दुपारी होऊ शकतात.

एक सल्ला इथेच देऊन ठेवतो. फक्त पॅड बदलायचे असतील तर मोठ्या बोल्टांना हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत खालचा एक छोटा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर दारासारखा वर फिरतो आणि पॅड बाहेर येतात. ब्रॅकेट डिस्क बदलतानाच काढावा लागतो. कारखान्यात नीट आवळलेला बोल्ट 'बघू तरी' म्हणून उघडण्यात काहीच शहाणपण नाही.

आकडा कुठून आणायचा

गाडीच्या कप्प्यातल्या पुस्तिकेत हे आकडे सहसा नसतात, ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतात. ते मिळत नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचं मॉडेल, साल आणि व्हेरियंट सांगून विचारा. एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदललं की डिस्कचा आकार आणि कॅलिपर बदललेला असू शकतो.

दुसऱ्या गाडीचा आकडा उसना घेऊ नका. २००० च्या दशकातल्या टोयोटा कोरोलाच्या पुढच्या कॅलिपरला छोट्या बोल्टसाठी ३४ आणि ब्रॅकेटसाठी १०७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळताना लावायचा पिळाचा जोर, दिलेला आहे. त्याच काळातल्या होंडा सिविकला २३ आणि १०८. मोठ्या बोल्टांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, पण छोट्यांमध्ये जवळपास दीडपटीचा फरक आहे. कोरोलाचा आकडा सिविकला लावला तर नेमका नाजूक बोल्ट बळी जातो.

एककाचा घोळ याहून वाईट. अमेरिकेतले व्हिडिओ फूट-पाउंडमध्ये बोलतात, आपल्याकडचे टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला आकडा आला की 'क्लिक' करणारे पाने, न्यूटन-मीटरमध्ये खुणा केलेले असतात आणि काही मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटरही दिसतं. १ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर आणि १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८. व्हिडिओतला माणूस ब्रॅकेटसाठी '८०' म्हणतो तेव्हा तो १०८ न्यूटन-मीटर सांगत असतो. तुम्ही पान्यावर ८० लावलेत तर पाना 'क्लिक' करेल, मनाला समाधान मिळेल आणि बोल्ट पाव हिश्शाने कमी आवळलेला राहील. आकडा कागदावर लिहा, पुढे एकक लिहा आणि तो कागद बॉनेटवर चिकटवून मगच काम सुरू करा.

मॅन्युअलमध्ये आकड्यापुढे अंश दिले असतील, म्हणजे अमुक न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश, तर तो बोल्ट आवळताना मुद्दाम ताणला जातो. असा बोल्ट बहुधा एकदाच वापरायचा असतो. काही युरोपीय गाड्यांत पिनांचे छोटे बोल्टही दर वेळी नवे घालायला सांगितलेलं असतं, कारण त्यांच्या आट्यांवर कारखान्यातूनच गोंदाचा लेप येतो. नवा बोल्ट आधी मागवून ठेवा आणि मगच जुना काढा.

"हाताला कळतं" यात तथ्य किती?

गॅरेजमधले जुने मिस्त्री टॉर्क रेंचला हसतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. साधे पाने बनवतानाच त्यांची लांबी बोल्टच्या आकाराला साजेशी ठेवलेली असते. १२ नंबरचा रिंग पाना हाताच्या पंजापेक्षा फार लांब नसतो, त्यामुळे नुसत्या मनगटाने त्या बोल्टचं फारसं वाकडं करता येत नाही. वर्षानुवर्षं त्याच पान्यावर हात बसला की अंदाजही पक्का होतो.

घरी काम करणारा माणूस हे नैसर्गिक संरक्षण काढून टाकतो. त्याच्याकडे अर्धा इंची चौकोनाचा एकच लांब रॅचेट असतो आणि त्यावर सगळ्या गोट्या (सॉकेट) चढतात. हिशोब करून बघा. ४५ सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला जेमतेम ७ किलोचा जोर दिला तरी ३० न्यूटन-मीटर होतात. हा जोर इतका कमी आहे की 'आता घट्ट झालं' असं वाटेपर्यंत छोटा बोल्ट मर्यादा ओलांडून गेलेला असतो. त्याच दांड्यावर १०८ न्यूटन-मीटरसाठी साधारण २५ किलोचा जोर लागतो. जमिनीवर उकिडवं बसून, चाकाच्या कमानीत हात घालून तेवढा जोर लावला की नाही हे अंदाजाने कळत नाही.

म्हणून टॉर्क रेंच घ्या, आणि शक्यतो दोन घ्या. अर्धा इंची मोठा पाना ४० ते २०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा असतो. तो ब्रॅकेट आणि चाकाच्या नटांसाठी. छोट्या बोल्टसाठी ३/८ इंची, सुमारे १० ते ६० न्यूटन-मीटरपर्यंतचा. क्लिकवाले पाने आपल्या पट्ट्याच्या, म्हणजे मोजता येणाऱ्या आकड्यांच्या टप्प्याच्या, तळाशी भरवशाचे नसतात. २०० पर्यंतच्या पान्यावर २५ लावून क्लिकची वाट बघत बसलात तर क्लिक ऐकू येण्याआधी बोल्ट तुटल्याचा आवाज ऐकू येण्याची शक्यता बरीच. एकच घेणं परवडत असेल तर मी छोटा घ्यायला सांगेन. मोठ्या बोल्टसाठी ओळखीच्या गॅरेजमधून पाना तासाभरासाठी मिळतो, छोटा टॉर्क रेंच मात्र तिथे क्वचितच असतो.

बाकी सामान: सहा कोनी गोट्या (बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते), लांब टॉमी (बोल्ट सोडवायचा दांडा), पिन धरायला एक पातळ फिक्स पाना, वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, निळा मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद), पांढरा पेंट मार्कर आणि तारेचा एक आकडा. स्कोडा, फोक्सवॅगनवाल्यांनी ७ मिलिमीटरची ॲलन गोटी आहे का ते आधी बघावं. साध्या संचात ६ आणि ८ असतात, ७ बऱ्याचदा नसते.

काढताना

सपाट, पक्की जमीन. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना ओट, म्हणजे ती सरकू नयेत म्हणून पाचर. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच अर्धा फेरा सैल करा. मग जॅक लावा आणि लगेच खाली घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) सरकवा. गाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर ब्रेकचं काम करू नका. विटांवरही नाही, वीट ओझ्याखाली कधी फुटेल याचा नेम नसतो. घोडीवर ठेवल्यावर गाडीला खांद्याने ढकलून बघा. मोठा बोल्ट सोडवताना तुम्ही तिला याहून जोरात हिसका देणार आहात.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे कॅलिपरची पाठ उघडी पडते. बोल्टची डोकी आतल्या बाजूला असतात आणि आपण बाहेरून डिस्कवरून हात घालतो, त्यामुळे दिशा उलटी भासते. डोक्याकडे तोंड करून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने बोल्ट सैल होतो. बाहेरून वाकून बघताना तोच फेरा घड्याळाच्या दिशेने दिसतो. बोल्ट निघत नाही म्हणून जोर वाढवण्याआधी आपण तो आवळत तर नाही ना, हे तपासा.

छोटा बोल्ट सोडवताना पिनेच्या मानेवरचे सपाट कडे पातळ पान्याने धरा, नाहीतर बोल्टबरोबर पिनही फिरते आणि तिच्यावरचं रबर पिळवटतं. मोठा बोल्ट हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल आट्यांवर मारून रात्रभर ठेवा. डिस्क आणि पॅडवर आधी कापड टाका, कारण तेलाचा एक थेंबही पॅडला पुरतो. कोकणात, मुंबईत, समुद्राजवळ वाढलेल्या गाड्यांत याची गरज हमखास पडते. लांब टॉमी लावून ओढा, ढकलू नका. ढकलताना बोल्ट अचानक सुटला तर बोटांची हाडं फेंडरवर आपटतात. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने झटका दिला तरी गंजाची पकड बरेचदा तुटते. गॅसची ज्योत मात्र नको. शेजारीच रबर, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर असते.

निघालेला कॅलिपर नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेच्या आकड्याने स्प्रिंगला टांगा. वरची आणि खालची पिन बऱ्याच गाड्यांत वेगळी असते, एकीच्या टोकाला रबराची बाही असते. कोणती कुठली, ते काढतानाच खूण करून ठेवा. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, तिथे चिंधी गुंडाळा, कारण हे ऑइल रंग खातं. मागेही डिस्क असलेल्या गाडीत हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन नुसता ढकलायचा नसून फिरवत आत न्यायचा असतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी त्याला सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं.

आवळण्याआधीचं काम

टॉर्क रेंच बोल्ट फिरवायला किती जोर लागतोय एवढंच मोजतो. आपल्याला हवा असतो बोल्टचा ताण, म्हणजे दोन भाग एकमेकांवर दाबून धरणारी शक्ती. लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी मोठा वाटा आट्यांच्या घर्षणात, आणि ताणाच्या वाट्याला दहावा हिस्सा आला तर आला. आट्यांत गंज आणि चिखल असेल तर पाना ठरलेल्या आकड्यावर क्लिक करतो, पण बोल्टमध्ये ताण आलेलाच नसतो. उलट आट्यांना ऑइल किंवा कॉपर ग्रीस चोपडलं असेल तर तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो, कधी तोडतोही. मॅन्युअलमध्ये वेगळं काही सांगितलेलं नसेल तर आकडा स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठीचा धरायचा.

तेव्हा बोल्टचे आटे वायर ब्रशने घासा, जुन्या थ्रेडलॉकरचा चुरा काढा, ब्रेक क्लीनर मारून सुकू द्या. भोकातही क्लीनर मारा आणि कापडाने टिपून घ्या. डोळे आणि नाक झाकूनच हे करा. ब्रेकची धूळ फुंकून उडवायची नाही. बोल्टवर नजर फिरवा. आटे चपटे झालेत, मान बारीक झाली आहे किंवा बोल्ट किंचित वाकला आहे असं दिसलं तर तो परत बसवू नका.

यानंतर ज्या पायरीवर जवळजवळ सगळे पाणी सोडतात ती. ब्रॅकेट आणि नकल जिथे एकमेकांना टेकतात ते दोन सपाट चेहरे घासून चकचकीत करा. तिथे गंजाचा थर राहिला तर आवळताना तो दाबला जातो, पुढे हादऱ्यांनी भुगा होऊन निघून जातो आणि तेवढा बोल्ट सैल पडतो. रंगाचंही तेच. कॅलिपर लाल रंगवायची हौस सध्या बरीच दिसते. रंगवा, पण टेकणाऱ्या चेहऱ्यांवर आणि डोक्याखालच्या कड्यावर रंगाचा ठिपकाही नको.

पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावा. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं की पिनांवरची रबरं फुगतात आणि पिन अडकते. हे ग्रीस पिनेच्या गुळगुळीत अंगाला लावायचं, बोल्टच्या आट्यांना नाही.

थ्रेडलॉकर कंपनीने सांगितला असेल तरच, मध्यम ताकदीचा निळा, आणि आट्यांच्या टोकाकडे एकच थेंब. लाल नको. तो पुढच्या वेळी उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही आणि तिथे उष्णता द्यायची नाही हे वर आलंच आहे.

आवळणं

ब्रॅकेट जागेवर धरा आणि दोन्ही मोठे बोल्ट बोटांनी बसवा. पान्याने नाही, गोटीनेही नाही, बोटांनी. आधी उलटा फिरवत न्या, आटा आट्यात पडल्याची बारीक 'टिक्' जाणवेल, मग सुलटा फिरवा. चार-पाच फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. दुसऱ्याच फेऱ्याला अडला तर बाहेर काढा. तिरका गेलेला बोल्ट पान्याने आवळला की स्वतःबरोबर भोकाचे आटेही नेतो.

दोन्ही बोल्ट बोटांनी टेकल्यावर रॅचेटने आळीपाळीने हलकेच आवळा, म्हणजे ब्रॅकेट सरळ बसतो. एकच पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलात तर दुसऱ्याचं भोक सरकलेलं सापडतं.

आता टॉर्क रेंच. मूठ फिरवून आकडा लावा, दांड्यावरची मुख्य खूण आणि मुठीवरची बारीक खूण यांची बेरीज दोनदा वाचा, मग कुलूप लावा. हात मुठीच्या मधोमध. दांड्याला दुसऱ्याच जागी धरलं किंवा त्यावर पाइप चढवला तर काही पान्यांत आकडा बदलतो. बोल्टच्या अक्षाला काटकोन ठेवून एका संथ ओढीत आणा. गोटी आणि पाना यांच्यामध्ये सरळ एक्स्टेन्शन चालतं, त्याने आकडा बदलत नाही. वाकणारा सांधा टाळा. क्लिक झाली की थांबा. 'अजून एक क्लिक मनासाठी' असं करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण प्रत्येक जादा झटका बोल्टला थोडा पुढे नेत असतो.

क्लिक होण्याआधी बोल्ट थोडा तरी फिरायला हवा. पाना लावताक्षणी क्लिक झाली तर बोल्ट रॅचेटनेच आकड्यापुढे गेलेला असू शकतो. अशा वेळी पूर्ण सैल करून पुन्हा आवळा. याउलट बोल्ट फिरतच राहिला, जोर वाढत नाही आणि हाताला लोण्यासारखं मऊ लागलं, तर तिथल्या तिथे थांबा. बोल्ट ताणला जातोय किंवा आटे चाललेत.

छोट्या बोल्टांना हाच क्रम, लहान पान्याने, आणि पिन पातळ पान्याने धरून. पिन धरली नाही तर ती रबरात फिरत राहते आणि पान्याला खोटा आकडा मिळतो. झाल्यावर कॅलिपर हाताने धरून आतबाहेर ढकला, तो दोन्ही पिनांवर सरकला पाहिजे. नळी कुठे पिळलेली नाही ना, हेही बघा.

नळीचा पोकळ बोल्ट या कामात उघडावाच लागत नाही. उघडला असेल तर दोन्ही वॉशर नवे टाका आणि ब्रेकमधली हवा काढा.

इम्पॅक्ट गनने सोडवायला हरकत नाही, कॅलिपर आवळायला ती वापरू नका. टॉर्क रेंचने गंजलेले बोल्ट सोडवायचे नाहीत, आणि काम झाल्यावर त्याची मूठ पट्ट्याच्या सर्वांत खालच्या खुणेवर आणून पेटीत ठेवायचा.

आटे गेले तर

पिनेतले आटे गेले तर नशीबवान समजा, पिन स्वस्तात मिळते. ब्रॅकेटमधले गेले तर ब्रॅकेट बदला. नकलमधले गेले किंवा बोल्ट आत तुटून राहिला तर गाडी घोडीवरच ठेवून मिस्त्रीला घरी बोलवा. एका बोल्टवर 'फक्त कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत' चालवणंही नको.

चाक बसवण्याआधी आणि नंतर

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. रेघ म्हणजे हा बोल्ट टॉर्क रेंचने आवळलाय याची खूण. मध्येच फोन आला, चहा झाला, की कोणता झाला आणि कोणता राहिला हे आठवत नाही, तेव्हा तीच कामाला येते.

चाक बसवून नट चांदणीच्या क्रमाने हाताने आवळा, गाडी खाली घ्या आणि मग टॉर्क लावा. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल सावकाश दाबत राहा, ते कडक होईपर्यंत. मागे ढकललेले पिस्टन पॅडला येऊन टेकेपर्यंत पेडल पोकळ जातं, आणि हे विसरून गाडी मागे घेणाऱ्याला पहिला ब्रेक फाटकच लावतं. टाकीतली पातळी बघा.

आधी गल्लीत चालण्याच्या वेगाने दोन-चार ब्रेक मारून बघा. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक लावत पॅड बसू द्या. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. परतल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता बघा, डिस्कला हात न लावता. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापली असेल तर तिथली पिन अडकली आहे किंवा पिस्टन परत येत नाही. खड्ड्यांवर हळू जाताना 'खट् खट्' आणि ब्रेक हलका दाबला की आवाज बंद, असं होत असेल तर पॅडच्या क्लिपा आणि पिना तपासा. ब्रेक मारतानाच एक जड 'टक्' येत असेल तर गाडी बाजूला घेऊन मोठ्या बोल्टांची रेघ बघा.

५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. कॅलिपरच्या बोल्टांना मात्र तेव्हा पाना लावू नका, थ्रेडलॉकर घातला असेल तर त्याची धरलेली पकड त्यामुळे तुटते. टॉर्च मारून रेघ बघा. सरळ असेल तर काम झालं. तुटलेली दिसली तर बोल्ट काढा, आटे आणि चेहरे नव्याने साफ करा आणि तो पुन्हा आवळा.